'झेंडा' आणि मतदार यादीचं एक पान

(भायखळ्यात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आधी एक खुलासा. बोलणारं तोंड एक असलं तरी बोलणं चौघांचं आहे, म्हणून आज सगळीकडे 'आम्ही'. आम्ही चौघं एकाच कॉलेजचे, एकाच बॅचचे. आग्रीपाडा, घोडपदेव आणि चिंचपोकळी एवढ्यात वाढलो. एक जण आता डोंबिवलीला राहतो, पण रविवारी येतो. महिन्यातून दोनदा बसून काहीतरी वाचायचं किंवा बघायचं, आणि मग भांडायचं, असा आमचा परिपाठ आहे. आजचं बोलणं अशाच एका भांडणातून आलंय.

झालं असं. यंदाच्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६. मध्ये जवळजवळ नऊ वर्षं. आमच्या ओळखीतल्या घरांतली सहा मुलं-मुली प्रचारात होती. सगळी कॉलेजातली. पक्ष वेगवेगळे, ते इथे महत्त्वाचे नाहीत आणि आम्ही सांगणारही नाही. निकालानंतर दोन आठवड्यांनी आम्ही त्यांना घरी बोलावलं आणि अवधूत गुप्ते यांचा 'झेंडा' दाखवला. २०१० च्या जानेवारीत तो आला तेव्हा यातली सगळ्यात मोठी मुलगी तीन वर्षांची होती. आमचा अंदाज होता की मुलं हलून जातील. आम्ही हललो होतो ना!

सिनेमा संपला. मुलं गप्प. मग ती मोठी मुलगी, दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणाली, "काका, पिक्चर छान आहे. पण यात कुणी जिने चढत नाही."

आम्ही हसलो. शब्दशः घेऊ नका म्हणा. एखादा जिना कुठेतरी असेलही. पण रात्री चहा पिताना आमच्यातला एक जण म्हणाला, पोरीने सोळा वर्षांत कुणी केली नाही अशी समीक्षा एका वाक्यात केली. तिथून हे सुरू झालं.

तर प्रश्न असा की प्रचारात उतरणाऱ्या कॉलेजच्या मुलाकडे मराठी सिनेमाने, नाटकाने, कादंबरीने कसं पाहिलं? आणि त्या पाहण्यातून काय निसटलं?

पहिल्यांदा 'झेंडा'ला त्याचं देणं देऊन टाकू. त्याच्याआधीचा राजकीय मराठी सिनेमा म्हटला की नाव येतं 'सिंहासन'. जब्बार पटेल, १९७९. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. आजही बघताना जागेवरून उठवत नाही. पण तिथे राजकारण कुठे घडतं? मुख्यमंत्र्यांच्या खोलीत, फोनवर, कामगार पुढाऱ्याच्या हिशेबात, आणि सगळं बघणारा कोण, तर पत्रकार दिगू टिपणीस. शेवटी त्याचं ते वेडं हसू. खाली रस्त्यावर जो कार्यकर्ता आहे तो गर्दी म्हणून येतो. 'झेंडा'ने कॅमेरा गर्दीत नेला आणि त्यातली दोन-तीन पोरं निवडून त्यांना नावं दिली. ही मोठी गोष्ट होती. संतोष जुवेकर, सिद्धार्थ चांदेकर ही त्या वेळची ताजी पोरं, ती लालबागच्या कुठल्याही नाक्यावर खपून गेली असती. पक्ष फुटतो, नेत्याच्या घरातली फूट शाखेत उतरते आणि दोन दोस्त दोन बाजूंना उभे राहतात. २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली, त्यानंतरची ती तीन-चार वर्षं ज्यांनी इथे काढली त्यांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. एकेका चाळीत, एकेका गणेश मंडळात ती रेघ पडली होती. थिएटरात पहिल्या रांगेतली माणसं ओरडत नव्हती, गप्प बसून बघत होती. हे आम्ही पाहिलंय.

आता अडचण. 'झेंडा'तला कार्यकर्ता काय करतो? तो निष्ठा ठेवतो. घोषणा, मोर्चा, रात्र रात्र जागणं, घरी शिव्या खाणं, हे सगळं आहे, पण सिनेमाचा जीव त्याच्या निष्ठेत आहे, कामात नाही. त्यातलं गाजलेलं गाणं आठवा. प्रश्न थेट विठ्ठलाला विचारलाय, आणि तो झेंडा निवडण्याबद्दलचा आहे. चाल सुरेख, आवाज सुरेख. पण बघा, एकदा प्रश्न विठ्ठलाला विचारला की विचारणारा वारकरी होतो. म्हणजे कार्यकर्ता हा भक्त, नेता हा देव, आणि पक्ष फुटणं म्हणजे देव फुटणं. मग भक्ताला दुःख एकच होऊ शकतं, देव खोटा निघाला. सिनेमा तेच दुःख सांगतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो. फक्त झेंडा कुठला हे विचारता विचारता तो कशासाठी हातात घेतला हे विचारायचं राहून जातं. त्या मुलाला आपल्या वॉर्डात काय हवंय? पाणी? घर? नोकरी? त्याला स्वतःलाही ते आठवत नाही असं सिनेमा बघताना वाटतं.

आमच्या डोंबिवलीकर मित्राचं म्हणणं वेगळं आहे, ते इथे सांगायलाच हवं. तो म्हणतो, पोरं तशीच असतात. वीस वर्षांच्या पोराला 'कशासाठी' विचारणं हा पन्नाशीतल्या माणसांचा उद्योग. पोरगा दोस्तासाठी जातो, रंगासाठी जातो, वडापावसाठी जातो. खरं आहे. पण मग पुढे काय होतं? रंगासाठी गेलेला पोरगा पंधरा दिवस लोकांच्या दारात उभा राहतो, आणि त्या पंधरा दिवसांत त्याच्या डोक्यात काहीतरी जातं. ते काय, हा कलाकृतीचा विषय असायला हवा होता.

थोडं मागे जाऊ. भाऊ पाध्ये यांचं 'वासूनाका' आलं १९६५ साली. मुंबईच्या नाक्यावरची पोरं, त्यांची भाषा, त्यांची वखवख. त्यावर अश्लीलतेची केवढी ओरड झाली! त्या पोरांना पक्ष नाही, कार्यक्रम नाही, वेळच वेळ आहे. पुढच्याच वर्षी, १९ जून १९६६ ला, शिवसेना स्थापन झाली. आम्हाला नेहमी वाटतं की भाऊ पाध्यांनी जो नाका लिहिला त्या नाक्यावर वर्षा-दोन वर्षांत पाटी लागली, फळा आला, बाकडं आलं. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत १४० पैकी ४२ जागा सेनेला मिळाल्या. त्या कुणी मिळवून दिल्या याचं एक उत्तर नाक्यावरच होतं. पण नाक्याचं शाखेत रूपांतर होताना पोराच्या आत काय घडलं, ती कादंबरी आम्हाला अजून वाचायला मिळालेली नाही. जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये, म्हणजे १९९७ पर्यंत, गिरणी संपलेली आहे, घर उसवलंय, नरू टोळीकडे गेलाय. नाटक म्हणून ते आमच्या परिसराचं सगळ्यात खरं नाटक. पण तिथेही मुलांसमोर रस्ते दोन-तीनच, आणि प्रचाराचा जिना त्यात नाही.

आता इतिहासातली एक गोष्ट. ही आपण सगळे विसरतो. मतदानाचं वय १८ झालं ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९ मध्ये. त्याआधी २१. म्हणजे १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं, तेव्हा पत्रकं वाटणाऱ्या कॉलेजच्या पोरांपैकी बहुतेकांना स्वतःला मत नव्हतं. १९७० चं परळ घ्या. आमदार कृष्णा देसाई यांचा जूनमध्ये खून झाला, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला वामनराव महाडिक. महाडिक जिंकले १,६७९ मतांनी, आणि सेनेला पहिला आमदार मिळाला. एवढ्याशा फरकाच्या निवडणुकीत दोन्हीकडून गल्ल्या पिंजून काढणारी जी पोरं होती, त्यातली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच उभी. दुसऱ्यांना आत पाठवत.

पण याच पोरांना कॉलेजात मत होतं! जनरल सेक्रेटरीची निवडणूक, पॅनेल, पत्रकं, कॅन्टीनमधल्या सभा. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होऊन हात पोळून घेतो, ते आपल्याला गमतीचं वाटतं, पण विचार करा, त्याच्या हातात हिशेब होता, अधिकार होता, आणि चूक त्याची स्वतःची होती. नेत्याने फसवलं असं तो म्हणू शकत नाही.

मग काय झालं? १९८९ मध्ये वॉर्डातलं मत मिळालं. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. वातावरण बिघडलेलंच होतं. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो वर्गप्रतिनिधी. (हशा) हसू नका, तसंच होतं. पहिला नंबर आला की तुम्ही आपोआप लोकप्रतिनिधी. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या. २०१९ मध्ये होणार होणार म्हणता विधानसभेसाठी पुढे ढकलल्या, आणि मग कोविड. आमच्या घरी बसलेल्या सहा मुलांपैकी एकानेही कॉलेजात कधी मत दिलेलं नाही.

म्हणजे आधीच्या पिढीला कॉलेजात मत होतं, वॉर्डात नव्हतं. आताच्या पिढीला वॉर्डात आहे, कॉलेजात नाही. आणि महापालिकेची निवडणूक नऊ वर्षं न झाल्याने वॉर्डातलंही बरंच काळ नुसतं कार्डावर होतं. आमचा मुद्दा असा की 'झेंडा'तल्या कार्यकर्त्याला नेता सोडून दुसरं काही दिसत नाही याचं एक कारण या कायद्यात आहे. राजकारण शिकायची स्वतःची जागा ज्याच्याकडून काढून घेतली, तो दुसऱ्याच्या प्रचारातच राजकारण शिकणार. तिथे त्याची चूक आणि त्याचा निर्णय अशी गोष्टच नाही. तिथे असते फक्त निष्ठा. सिनेमाने परिणाम नेमका टिपला, कारणाकडे पाहिलं नाही. दोष द्यायला त्याने नेते निवडले, आणि नेते काय, दोष द्यायला सोयीचेच असतात.

याच परिसरात याला एक मोठा अपवाद झालाय. १९७४ चा जानेवारी. मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. काँग्रेसचे रामराव आदिक, भाकपच्या रोझा देशपांडे. दलित पँथरला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्यातली बरीच मुलं कॉलेजातली किंवा कॉलेज अर्धवट सोडलेली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या खोल्यांत बसून बोलणारी, लिहिणारी. त्यांनीही प्रचार केला, पण बहिष्काराचा. गावोगावच्या अत्याचारांवर सरकार काही करत नसेल तर आमचं मत कशाला, असा. म्हणजे त्यांचा 'कशासाठी' आधी ठरलेला होता. ५ जानेवारीला वरळीत सभेवर दगडफेक, मग दंगल. १० जानेवारीला परळमध्ये मोर्च्यावर वरून पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव मारले गेले. निवडणुकीत आदिक पडले, रोझा देशपांडे निवडून आल्या. ज. वि. पवार यांनी आंबेडकरोत्तर चळवळीचा इतिहास खंडाखंडांत लिहिला. तो वाचताना आम्हाला जाणवलं की तिथे रस्त्यांची नावं आहेत, चाळींची नावं आहेत, कोण कुठल्या बाजूने आलं ते आहे. कादंबरीकाराने हेवा करावा असा तपशील. 'झेंडा'ची भक्त आणि देव ही चौकट या मुलांना लावून बघा. बसत नाही. त्यांच्यातही पुढे फूट पडली, माणसं दुरावली, ते सगळं झालं. पण त्या जानेवारीत ती कुणाची गर्दी नव्हती.

आता परत त्या जिन्याकडे. मुलांनी आम्हाला त्यांचं काम सांगितलं ते आम्ही लिहून घेतलं, कारण ते खरंच आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या वेळी काम म्हणजे भिंती. १९९० ची विधानसभा. रात्री जायचं, भिंतीवर चुना मारायचा, 'राखीव' लिहायचं, दुसऱ्या रात्री गेरू आणि निळीने नाव. मैद्याची खळ, त्यात थोडं मोरचूद, म्हणजे उंदीर-झुरळं पोस्टर खात नाहीत. आमच्यातल्या एकाचं अक्षर चांगलं म्हणून त्याला जेवण आधी मिळायचं. पुढे शेषनसाहेबांनी भिंती बंद केल्या.

आताचं काम म्हणजे यादी. मुलांच्या हातात मतदार यादीचा एक भाग देतात. इमारत, खोली, नाव, वय. जिने चढायचे, दार वाजवायचं, किती मतं आहेत, कोण गावाला गेलंय, कोण मयत, कोणाचं लग्न होऊन नाव दुसरीकडे गेलंय, खुणा करायच्या, मोबाइल नंबर घ्यायचा. नंतर पुन्हा स्लिपा वाटायला तेच जिने. मतदानाच्या दिवशी शंभर मीटरच्या रेषेबाहेर टेबल लावून बसायचं आणि कोण आलं नाही त्यांच्या दारात परत जायचं. हे काम आता मुली जास्त करतात. का, तर मुलगी असली की दार उघडतं. मुलगा असला की आतून विचारतात, "कोण?" एवढंच कारण. 'झेंडा' पोरांचा सिनेमा होता, तो आज काढला तर निम्म्या मुली दाखवाव्या लागतील.

आणि भाषा! ही मुलगी सकाळी आग्रीपाड्यातल्या बीआयटी चाळीत "आजी, स्लिप घ्या" म्हणते, दुपारी मदनपुऱ्याच्या बाजूला "खाला, आपका नाम लिस्ट में है", संध्याकाळी माझगावला एखाद्या जुन्या बंगलीत इंग्रजी. भायखळा विधानसभा २०१४ मध्ये १,३५७ मतांनी फिरली, एमआयएमचे वारिस पठाण निवडून आले. २०१९ मध्ये सेनेच्या यामिनी जाधव, २०२४ मध्ये ठाकरे गटाचे मनोज जामसुतकर. तीन निवडणुकांत तीन पक्ष. अशा ठिकाणी एकाच भाषेतला, एकाच रंगाचा प्रचार करून चालत नाही हे त्या मुलीला आमच्यापेक्षा जास्त कळतं. मराठी राजकीय सिनेमा मात्र अजून एकाच भाषेच्या मुंबईत राहतो.

पैशाचंही सांगू. काहींना रोजचे काही रुपये मिळाले, काहींना फक्त जेवण, एकाला प्रमाणपत्र. हे स्वयंसेवक की रोजंदारी? आम्हाला यात फार नैतिक गळा काढायचा नाही. कॉलेजची फी, लोकलचा पास, घरातला एक पगार. पैसे घेणारी मुलगी खोटी आणि फुकट राबणारा मुलगा खरा, असं काही नाही. रील बनवणाऱ्या टीमचं काम आम्हाला नीट कळलं नाही, ते सोडून देतो.

तर त्या मुलीच्या भागात एक पान होतं. एका इमारतीचं. यादीत एकसष्ट मतदार. ती पत्त्यावर गेली तर इमारतच नाही. पत्र्याचं कुंपण, आत खड्डा, खड्ड्यात पाणी. पुनर्विकासासाठी पाडलेली. यादीत मात्र चारही मजले उभे, खोली क्रमांकांसकट. शेजारच्या वाण्याकडून एक नंबर मिळाला, त्याच्याकडून दुसरा. चार दिवसांत तिने एकसष्टपैकी चव्वेचाळीस जण शोधले. कुणी विरारला, कुणी बदलापूरला, कुणी मानखुर्दला, दोघं गावी, सहा जण वारलेले. एका बाईंनी तिला फोनवर वीस मिनिटं धरून ठेवलं. भाडं किती महिने आलं आणि कधी थांबलं, ते सांगत होत्या. पोरगी ऐकत राहिली. पानाच्या मागे लिहीत राहिली.

ते पान घेऊन ती प्रचार कार्यालयात गेली. तिथला माणूस खूष झाला. म्हणाला, एक नंबर काम केलंस, गाडी पाठवू, बत्तीस तरी येतील. तिने विचारलं, त्या बाईंच्या भाड्याचं काय सांगू? तो म्हणाला, "ते आपलं काम नाय. तू फक्त नंबर दे."

रागावून नाही म्हणाला तो. आम्ही तिला दोनदा विचारलं. घाईत होता, चांगला माणूस आहे, दुपारी तिला जेवलीस का विचारायचा.

आम्हाला इथे थांबावंसं वाटतं. 'झेंडा'च्या हिशेबाने इथे काहीच घडलेलं नाही. कुणी फसवलं नाही, कुणी पक्ष बदलला नाही, कुणाचा विश्वासघात नाही. नेता तर दृश्यातच नाही. पण त्या मुलीचं जे काही दुखावलं ते नेमकं इथेच. तिने माहिती गोळा केली. माहितीबरोबर एक प्रश्नही आला. माहिती वर गेली, प्रश्न तिच्याकडेच राहिला. तो न्यायचा कुठे? कॉलेजात तिला व्यासपीठ नाही, तिथे पहिला नंबर आलेला प्रतिनिधी आहे. वॉर्डात नगरसेवक नव्हता जवळजवळ चार वर्षं, मार्च २०२२ पासून प्रशासक. प्रचारात तिची जागा नंबर देण्यापुरती. मोहभंग हा शब्द आपण समीक्षेत फार स्वस्तात वापरतो. मोह होता म्हणून भंग झाला, असं हे नव्हतं. तिला कुणाचा मोह नव्हताच. ती कामात होती, काम पुढे जात नव्हतं.

आणि आता आमची स्वतःची झाडाझडती, कारण तीही या वाचनाचा भाग आहे. १९९० च्या त्या प्रचारानंतर, गुलाल उतरल्यावर, आम्ही तिघं आमच्या चाळीच्या नळाचा प्रश्न घेऊन गेलो होतो. 'बघू' म्हणाले. पुन्हा गेलो, पुन्हा 'बघू'. तिसऱ्यांदा गेलोच नाही. पुढची वीस वर्षं आम्ही कुठल्याही बैठकीत सांगत आलो की आम्हाला वापरलं, राजकारण घाण आहे. २०१० मध्ये 'झेंडा' पाहिला आणि आमच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं हे आता कळतं. सिनेमाने आम्हाला निरपराध ठरवलं होतं. आम्ही भक्त, ते देव, देव खोटा, संपलं. तिसऱ्यांदा का गेलो नाही हा प्रश्न त्याने आम्हाला विचारलाच नाही. त्या नळाला पुढे पाणी आलं, आमच्यामुळे नाही. चाळीतल्या बायकांनी हंडे घेऊन मोर्चा नेला होता. त्यातल्या एका आईच्या मुलाला, म्हणजे आमच्यातल्याच एकाला, तो मोर्चा कुठल्या तारखेला गेला हे आज सांगता येत नाही. खळीत किती मोरचूद घालायचं ते सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून 'झेंडा' वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. तो आमच्या पिढीचा सिनेमा आहे, आमची सोय त्याला बरोबर कळली होती. आमची तक्रार एवढीच की त्यानंतरही कार्यकर्त्याची गोष्ट सांगायची म्हटलं की आपण अजून त्याच सुरात सांगतो. हातात झेंडा, शेवटी पाठमोरा रस्ता. कुणीतरी यादीचं पान हातात घेऊन सिनेमा सुरू करावा. चार मजल्यांची इमारत कागदावर उभी आहे, जागेवर खड्डा आहे, आणि एकोणीस वर्षांची मुलगी फोन लावतेय. तिथे नाट्य कमी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या वीस मिनिटांच्या फोनचा विचार करावा.

डोंबिवलीकर म्हणतो, असा पिक्चर चालणार नाही. असेल. 'सिंहासन' चालेल असं तरी कुणाला वाटलं होतं, असं आम्ही त्याला म्हणालो. तो म्हणाला, त्यात निळू फुले होते. (हशा)

एक सांगायचं राहिलं. कार्यालयात देण्याआधी त्या मुलीने पानाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून ठेवली होती. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात भाड्याच्या तारखा आहेत. परवा ती पुन्हा घरी आली. चव्वेचाळीसपैकी अकरा जण एकत्र येऊन अर्ज करायला तयार आहेत म्हणाली, आणि अर्ज मराठीत कसा लिहायचा विचारत होती. आमच्यातल्या ज्याचं अक्षर चांगलं, त्याने लगेच पेन काढलं. ती म्हणाली, "नको काका, लिहिते मी. तुम्ही फक्त 'महोदय'ला कुठला ह्रस्व कुठला दीर्घ ते सांगा." आम्ही सांगितलं, 'महोदय'मध्ये तसलं काही नाही. आता अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदावर आमचं भांडण चालू आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.